जावईबापूंचा हात आणि पक्षाची भूमिका

आज संध्याकाळच्या आत पक्षाची भूमिका तयार झाल्याशिवाय कुणालाही खुर्ची सोडू द्यायची नाही, असं अध्यक्षबाईंनी सकाळीच ठरवलं होतं. आणि अध्यक्षबाईंनी एकदा ठरवलं, की ब्रह्मदेव आला तरी ते बदलत नसे. पक्षाच्या कार्यालयाला रंग लागत होता, म्हणून बैठक त्यांच्याच घरी, जेवणाच्या टेबलाशी भरली होती.

निमित्त होतं उपाध्यक्षांच्या भाषणाचं. उपाध्यक्षांना सगळे तोफसाहेब म्हणत. गेल्या आठवड्यात ते भर सभेत नदीपलीकडच्या लोकांवर घसरले होते. ‘यांच्या रक्तातच चोरी! यांना घरं भाड्यानं देऊ नका!’ टाळ्या पडल्या, मग बोंबाबोंब झाली, आणि शेवटी वरिष्ठांचा फोन आला. द्वेषाचं बोलणं कुठलं आणि मोकळं बोलणं कुठलं, यावर पक्षाची भूमिका आज पत्रकारांना सांगा, नाहीतर अध्यक्षपद सोडा. म्हणजे गोळा डागला तोफसाहेबांनी आणि खुर्ची हलली बाईंची.

“व्याख्या अगदी सोपी आहे,” पक्षाचे वकील चष्मा पुसत म्हणाले. “ज्या बोलण्यानं ऐकणारा दुखावतो, ते द्वेषाचं. बाकी सगळं मोकळं.”

“पण इथे दुखावणार कोण?” तोफसाहेब हसले. “आपण सगळे चार-चार निवडणुका शिव्या खाऊन बसलेले. आपली कातडी गेंड्याची. व्याख्या तपासायला कुणीतरी हळवा माणूस पाहिजे.”

“तो आता कुठून आणायचा?” वकील म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! अध्यक्षबाईंनी मान वळवून सोफ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे वर्तमानपत्राआड त्यांचे जावई बसले होते. सकाळी चहा आधी पाहुण्यांना गेला आणि मग त्यांना, एवढ्यावरून ते रुसले होते. ते पालिकेत रस्त्यांचे इंजिनिअर होते आणि घरात सगळ्यांच्या धास्तीचं कारण होते.

“जावईबापू, जरा इकडे या. पक्षाला तुमची गरज आहे.”

“आत्ता आठवण झाली का?” जावईबापू म्हणाले, पण आले. टेबलाच्या टोकाला त्यांना मानाची खुर्ची मिळाली. तोफसाहेब वाक्यं बोलणार, आणि एखादं मनाला लागलं की जावईबापूंनी हात वर करायचा, असं ठरलं.

“नर्सबाई आल्या का गं?” आतून अध्यक्षबाईंच्या आजारी यजमानांची हाक आली. त्यांना रोज सकाळी इंजेक्शन द्यायला नर्सबाई येत असत. आज दुपार व्हायला आली तरी त्यांचा पत्ता नव्हता.

“फोन उचलत नाहीयेत बाबा, परत लावते,” लेक म्हणाली.

तोफसाहेबांनी घसा साफ केला. “शहरात रस्त्यांवर खड्डे पडले आहेत.”

हात वर.

“अहो, हे तर आपण रोज बोलतो!”

“म्हणून तर रोज लागतं,” जावईबापू म्हणाले.

“बरं. पालिकेत कामं वेळेवर होत नाहीत.” हात वर. “काही अधिकारी चांगलेही आहेत.” हात वर. “आता यात काय लागलं?”

“काही? बोलताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता.”

वकील निमूटपणे लिहीत होते. खड्डे गेले, नळाचं पाणी गेलं, कर गेला. आपला पक्ष विरोधात आहे आणि विरोध करायला आता विषयच उरत नाहीत, हे तोफसाहेबांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांना घाम फुटला.

“मग आम्ही सभेत बोलायचं तरी काय? नुसता नमस्कार?”

“नमस्कार कसा करता त्यावर आहे,” जावईबापू म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या रुसण्याला सरकारी नसली तरी पक्षाची मान्यता मिळाली होती, आणि ते नुसते फुलून आले होते.

तोफसाहेबांचं डोकं फिरलं. त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि सभेतलं तेच वाक्य त्याच आवाजात म्हटलं, “नदीपलीकडच्यांच्या रक्तातच चोरी! यांना घरं भाड्यानं देऊ नका!”

सगळ्यांनी जावईबापूंच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर स्वस्थ होता. जावईबापू चक्क हसले.

“हे चालेल की! यात मला कुठे काय म्हटलंय?”

“बघा!” तोफसाहेब टाळी मागत म्हणाले. “माझं भाषण निर्दोष!”

वकिलांनी टाळी द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात लेक फोन घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

“आई, नर्सबाई आज येणार नाहीत. त्या सामान बांधतायत. घरमालकानं खोली सोडायला सांगितलंय.”

“का?”

“त्या नदीपलीकडच्या आहेत ना. तो म्हणाला, सभेत साहेब काय बोलले ते ऐकलं नाही का.”

वकिलांचा हात हवेतच राहिला. अध्यक्षबाईंच्या आजारी नवऱ्याला रोज हसवून सुई टोचणाऱ्या त्या बाईला डोक्यावर छप्पर उरणार नव्हतं, आणि इथे आपण जावयाच्या हाताकडे डोळे लावून बसलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

“वकीलसाहेब, ती व्याख्या फाडा,” त्या उठून म्हणाल्या. “ज्याच्याकडे खुर्ची आहे त्याला कुणी काही बोललं तर लागणारच. लागू दे. मरत नाही तो. पण ज्या बोलण्यानं एखाद्याचं घर जातं, आणि तेही तो कुठे जन्मला यावरून, ते आपल्या पक्षात चालणार नाही. लिहा.”

मग त्यांनी फोन तोफसाहेबांपुढे सरकवला. “त्या घरमालकाला लावा.”

“मी राजीनामा देईन, बाई!”

“द्या. आधी फोन.”

तोफसाहेबांनी फोन लावला. “मी चुकलो... हो, मीच बोलतोय... नाही हो, धाकानं नाही,” असं ते म्हणत होते आणि अध्यक्षबाई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. पण घरमालकही वस्ताद निघाला. साहेब माइकवर बोलले ते खरं, फोनवरचं कशावरून खरं? शिवाय त्यानं ते आळीभर सांगितलंय, आता तोंड कुठे दाखवणार?

“ठीक आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मग माइकवरच बोलतील.”

आणि संध्याकाळी पत्रकारांसमोर तोफसाहेब माइकवर बोलले. आवाज एवढा खाली गेला होता, की दोनदा बोलावं लागलं. घरमालकानं ते टीव्हीवर पाहिलं आणि नर्सबाईंना खोलीत राहू दिलं. तोफसाहेबांनंतर अध्यक्षबाईंनी पक्षाची भूमिका खणखणीत वाचली आणि शेवटी म्हणाल्या, “याची सुरुवात माझ्यापासून. मी खुर्चीवर आहे. मला कुणीही, काहीही बोलावं.”

मागून एक हात वर झाला. जावईबापूंचा.

“आई, लग्न झाल्यापासून सांगायचं राहिलंय. तुम्ही फार हुकूम सोडता. तुमच्या घरात बाबांनासुद्धा मत नाही. आणि मुख्य म्हणजे, तुम्ही कधीच कुणाला वाक्य पुरं—”

“कळलं. पुढचा प्रश्न!”

पत्रकार खो-खो हसले आणि त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

जेवणाची पानं घेतली तेव्हा नर्सबाई इंजेक्शन देऊन निघाल्या होत्या आणि यजमान बऱ्याच दिवसांनी टेबलाशी येऊन बसले होते. फक्त अध्यक्षबाईंची खुर्ची रिकामी होती. लेकीनं खोलीचं दार ठोठावलं.

“आई, जेवायला चल ना.”

“वरिष्ठांचा फोन आला होता,” आतून आवाज आला. “त्यांना भूमिका पसंत आहे. खुर्चीही राहिली. भूमिकेतला एक शब्दही मी बदलणार नाही. कुणीही मला काहीही बोलावं.”

“मग?”

“मग काही नाही. मला भूक नाही.”

लेकीनं हताशपणे नवऱ्याकडे पाहिलं. जावईबापू शांतपणे उठले आणि त्यांनी सासूबाईंचं ताट वाढून घेतलं.

“तू बस,” ते म्हणाले. “असं विचारून कुणी येत नसतं. हे काम मला जमेल.”