मंजूर रस्त्याने येणारे नाना

धुळ्यातल्या आमच्या कॉलनीत रोज सकाळी सातला एक गृहस्थ सरळ आमच्या अंगणातून चालत जायचे. फाटकातून नव्हे. कुंपणाची तार दोन बोटांनी उचलून आत यायचे आणि पलीकडची तार उचलून शेजारी वाघमारे सरांकडे शिरायचे. पहिल्या दिवशी बायको किंचाळलीच. ते शांतपणे अहिराणीत म्हणाले, "घाबरू नको माय, मी रस्तावरच शे."

हे एकनाथनाना. नगररचना विभागात नकाशे उतरवणारे ट्रेसर होते, आता निवृत्त. शहराच्या विकास आराखड्यात आमच्या पाच घरांच्या अंगणांवरून बारा मीटरचा रस्ता होता आणि त्याची रेघ नानांनी स्वतःच्या हाताने ओढली होती. रस्ता वर्षानुवर्षं कागदावरच राहिला. नाना मात्र दुधाला त्याच रस्त्याने जात.

त्यांना शहर वेगळंच दिसायचं. भंगाराच्या गोदामाच्या जागी आराखड्यात बाग होती, म्हणून त्याला ते 'बगीचा' म्हणत. बगीच्यासमोर रिक्षा मिळेल, असं सांगून माझ्या मेहुण्याला त्यांनी तासभर उन्हात फिरवलं. एका लग्नात भर पंगतीत यजमानांना म्हणाले, "मांडव झकास शे, पण तुम्ही बठ्ठा प्राथमिक शाळामा बशेल शेतस." मांडवाची सगळी जागा आराखड्यात शाळेसाठी राखीव होती.

मुकाट्याने जाणं त्यांना जमत नसे. आमच्याकडे कैऱ्या फोडून झाल्या का, सरांच्या मुलीचा पेपर कसा गेला, पलीकडच्या अक्कांचा गुडघा काय म्हणतो, हे सगळं विचारत पाच मिनिटांच्या वाटेला त्यांना पाऊण तास लागायचा. आम्ही वैतागायचो आणि उत्तरंही द्यायचो.

गेल्या वर्षी महापालिकेने रस्ता खरोखरच हाती घेतला. मोजणीवाल्यांना हद्दीचा जुना दगड सापडेना. तो कुठे आहे हे फक्त नानांना ठाऊक. आदल्या संध्याकाळी आम्ही पाचही घरची माणसं त्यांच्याकडे गेलो. दगड थोडा पलीकडे दाखवा, असं विनवलं; तसं केलं तर रस्ता मोकळ्या जागेवरून जाणार होता आणि आमची अंगणं वाचणार होती. नानांनी ऐकून घेतलं.

सकाळी ते गवतात बराच वेळ उभे राहिले. एकदा आमच्या घरांकडे पाहिलं. मग खाली वाकून स्वतःच गवत बाजूला केलं. "हाऊ दगड."

आम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलं. अंगणं गेली, भिंती ओट्याला येऊन भिडल्या, डांबर पडलं. रस्ता चांगला झाला, हे कबूल करायला मला दोन महिने लागले. तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली. त्या रस्त्यावर नाना एकदाही दिसले नव्हते.

शेवटी मीच गेलो. घरात एकटेच होते. त्यांच्या पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली होती, हे मला तिथे फोटो पाहून आठवलं, याची लाज वाटली.

"नाना, रस्ता झाला. चालायला येत नाही?"

"भाऊ, त्या रस्त्यावर आता कोणी काही विचारत नाही. गाड्या जातात." मग म्हणाले, "त्या दिवशी चुकीचा दगड दाखवायचं मनात आलं होतं. तुमच्या अंगणांसाठी नाही. माझ्यासाठी."

"उद्या सकाळी चहाला या," एवढंच म्हणालो.

नाना गोंधळले. नोकरीतला माणूस साहेबाला विचारतो तसं त्यांनी विचारलं, "काय काम सांगून येऊ?"