वरचा कोंड, मुक्काम डी ड्राइव्ह

पोलादपुरातल्या डोंगरी वस्ती सुरक्षितता कक्षाच्या एकुलत्या एक संगणकाचा सी ड्राइव्ह ऐन वैशाखात भरला, ही बाब कनिष्ठ लिपिक किशोर सकपाळ याने वरिष्ठांच्या निदर्शनास आणून दिली. वरिष्ठ म्हणजे कक्षप्रमुख मालोजीराव दरेकर. त्यांनी ती बाब चष्मा लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "भरला म्हणजे कितपत भरला?"

"काठोकाठ, साहेब. नवीन काही ठेवताच येत नाही."

संगणकाच्या पोटात दोन कप्पे होते. सी नावाच्या कप्प्यात सगळा संसार दाटीवाटीने राहत होता आणि शेजारचा डी संगणक आला त्या दिवसापासून रिकामा पडून होता. सीमध्ये साहेबांच्या नावाचं एक मोठं घर होतं. त्याच्या खोल्यांत धोकादायक वस्त्यांच्या पाहणीचे फोटो होते, प्रत्येक फोटोत पुढे साहेब आणि मागे, जागा उरलीच तर, वस्ती. शिवाय रोज सकाळी येणारी शुभेच्छांची फुलं होती, भाच्याच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ होता, आणि एका कोपऱ्यात 'वरचा कोंड' या नावाचं एक लहानसं फोल्डर होतं.

या लहानशा फोल्डरपायी किशोरचा जीव टांगणीला लागला होता. वरचा कोंड ही आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगराच्या कुशीत चिकटलेली मूठभर घरांची वस्ती. किशोरच्या आईचं ते माहेर. घरांच्या डोक्यावरच्या उताराला भेग पडली होती आणि कोंड खाली सपाटीवर आणायचा प्रस्ताव कितीतरी हेलपाट्यांनंतर पुरा होत आला होता. पाऊस लागायच्या आत तो वरिष्ठ कार्यालयाकडे जायला हवा होता. शेवटची दुरुस्ती करून तो जतन करायला गेलं की संगणक म्हणे, जागा नाही.

किशोरची मामी येसूबाई दर आठवडी बाजाराला खाली उतरली की कक्षात डोकावायची. टोपलीतले चार आंबे टेबलावर ठेवायची आणि विचारायची, "काय रे बाला, आमचा कागद गेला का नाय?"

"जातोय, मामी. जरा जागेची अडचण आहे."

"आमाला पन जागेचीच अडचन हाय," मामी म्हणायची. "गेल्या साली भेगंत काडी जायची. आता कोयतीची मूठ जाते. मुंबैची पोरं म्हनतात, तू हिकडं ये. तिथं जाऊन काय करू? पोटमाळ्यावर झोपू? त्यापरीस कोंडच खाली येऊ दे सगळा."

किशोरने महाडच्या मुरारीला फोन लावला. मुरारीचं महाडच्या बाजारपेठेत संगणक दुरुस्तीचं दुकान होतं आणि जगातलं कुठलंही काम चहा गार व्हायच्या आत होतं, अशी त्याची श्रद्धा होती. "युजरची फोल्डरं डीवर टाका की राव," तो म्हणाला. "राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. झालं. सी मोकळा."

किशोरने हे साहेबांना सांगितलं. साहेब ताठ बसले. "मूव्ह म्हणजे मराठीत काय?"

"हलवणं, साहेब."

"शासकीय मराठीत काय?"

किशोरने विचार केला आणि तिथेच त्याचा घात झाला. तो म्हणाला, "स्थलांतर."

साहेबांचा चेहरा उजळला. स्थलांतर हा तर कक्षाचाच विषय होता. कक्ष स्थापन झाल्यापासून एकही स्थलांतर झालं नव्हतं ती गोष्ट वेगळी; पण ते कसं करायचं याचा विहित नमुना तयार होता, मार्गदर्शक सूचना होत्या, पोर्टल होतं. "सकपाळ, आपल्याच कक्षात विनापरवाना स्थलांतर झालं तर लोक तोंडात शेण घालतील. प्रस्ताव तयार करा."

"साहेब, मी म्हणतो, नुसती वरच्या कोंडाची फाईल तेवढी डीवर ठेवू या का? एका मिनिटात—"

"एकट्यालाच? बाकीच्यांनी काय पाप केलंय? स्थलांतर नेहमी सामूहिक असतं."

"मग शुभेच्छांची फुलं तरी काढून टाकू."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की किशोरला स्वतःच्या नोकरीची फुलं दिसू लागली. तो परिविक्षेवर होता, म्हणजे अजून पुरता चिकटलेला नव्हता. त्याने मुकाट्याने विहित नमुना उघडला.

नमुना माणसांसाठी केलेला होता, पण रकाना रिकामा ठेवल्यास प्रस्ताव आपोआप परत येत असे. म्हणून किशोरने वस्तीचं नाव 'सी' लिहिलं. कुटुंबप्रमुख म्हणून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज अशी सहा नावं घातली. प्रत्येकाच्या घरातल्या सदस्यांची नावं हवी होती, तेव्हा आतल्या फोल्डरांची नावं जशीच्या तशी उतरवली: पाहणी, शुभेच्छा, भाच्याचं लग्न, वरचा कोंड. जनावरे या रकान्यात त्याने 'माऊस, एक' असं लिहिलं. पाण्याची सोय आहे काय, या प्रश्नाला 'नाही. पाणी गेल्यास सर्व बंद पडते' असं खरं उत्तर दिलं.

मग नवी जागा सुरक्षित असल्याचा दाखला लागला. त्यासाठी भूवैज्ञानिक आले. वरच्या कोंडावर पायवाट फार चढणीची म्हणून त्यांना आजवर जाता आलं नव्हतं. इथे मात्र ते थेट संगणकापर्यंत पोहोचले. त्यांनी टेबलावर पातळी बघायची पाणसळ ठेवली आणि अहवाल दिला: 'डी ही जागा समपातळीत असून दरडीचा धोका संभवत नाही. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी आढळली. ती काढू नये.'

त्यानंतर वापरकर्त्यांची संमती. संगणकाच्या नोंदीनुसार वापरकर्ते दोन होते, एक साहेब आणि दुसरा 'गेस्ट'. साहेबांनी स्वतःला संमती दिली. गेस्ट कुठे राहतो हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याच्या नावची नोटीस संगणकालाच चिकटवण्यात आली. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही. गेस्ट बहुधा मुंबईला असावा, असा शेरा साहेबांनी मारला.

प्रस्ताव पोर्टलवर चढला आणि आश्चर्य म्हणजे आठवडाभरात मंजूर झाला. यात जमीन घ्यायची नव्हती, घरं बांधायची नव्हती, कोणी उपोषणाला बसणार नव्हतं. असं गोजिरवाणं स्थलांतर वरिष्ठ कार्यालयाने कधी पाहिलंच नव्हतं.

ठरल्या दिवशी मुरारी महाडहून आला. साहेबांनी संगणकापुढे नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डवर जाता जाता वाचलं. आता मुरारीने एकेका फोल्डरचं लोकेशन बदलायला हवं होतं. पण फोनवर सांगितलेली गोष्ट स्वतः करायची नसते, हा प्रत्येक जाणकाराचा नियम. "सहा वेळा कोण करत बसतो?" म्हणत त्याने साहेबांचं अख्खं घरच एका दमात कापलं, डीवर चिकटवलं आणि संगणक बंद करून सुरू केला.

पडद्यावर साहेबांची फुलं नव्हती. भाचा नव्हता. एक निळी पाटी होती. साहेबांनी किशोरला तिचं भाषांतर करायला लावलं.

"आपण तात्पुरत्या प्रोफाइलने आत आला आहात," किशोरने वाचलं. "इथे आपण जे काही कराल, ते आपण बाहेर पडताच नष्ट होईल."

साहेबांनी चष्मा काढला. "तात्पुरता? मी? सकपाळ, माझी नेमणूक कायम आहे हो! आणि नष्ट होईल म्हणजे? सगळी कारकीर्द?"

"संगणक तुम्हाला जुन्या पत्त्यावर शोधतोय," मुरारी डोकं खाजवत म्हणाला. "तिथं तुम्ही सापडत नाही, म्हणून त्यानं पाहुण्यांच्या खोलीत बसवलंय." मग तो दुपारपर्यंत घाम गाळत राहिला. फोल्डरांचा मुक्काम डीवरच ठेवून त्याने सीमध्ये त्यांच्या नावाच्या नुसत्या पाट्या लावल्या, बोट दाखवणाऱ्या. जुन्या जागी गेलं तरी आपसूक नव्या जागी पोहोचायचं. "याला शॉर्टकट म्हणतात," तो म्हणाला.

साहेबांना हे चटकन कळलं. पोलादपुरात ते कोणालाही कळतं. "म्हणजे आमच्या धाकट्यासारखं. रेशनकार्डावर नाव इथं, माणूस नालासोपाऱ्यात."

"अगदी तसंच, साहेब."

सी मोकळा झाला. साहेबांनी लगोलग पोर्टलवर 'स्थलांतर पूर्ण, नवीन मुक्काम: डी' अशी नोंद चढवली. किशोरने त्याच क्षणी वरच्या कोंडाचा प्रस्ताव पुरा केला, जतन केला, पाठवला आणि मामीला फोन केला, "गेला, मामी, गेला!" मामीने कोंडभर गूळ वाटला.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. 'वरचा कोंड या वस्तीचे स्थलांतर आपल्याच कक्षाने नुकतेच यशस्वीरीत्या पूर्ण केल्याचे पोर्टलवर दिसून येते. नवीन मुक्काम: डी. एकाच वस्तीला दोनदा लाभ देता येत नाही. सबब प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे. हार्दिक अभिनंदन.'

किशोरने ते दोनदा वाचलं आणि त्याच्या पायाखालची जमीन, समपातळीत असूनही, सरकली. सदस्यांच्या रकान्यातलं ते नाव त्याने स्वतःच्या हाताने घातलं होतं. पोर्टलला फोल्डर आणि गाव यांतला फरक कोणी शिकवलाच नव्हता.

"साहेब, हे चूक आहे. माणसं वरच आहेत."

"माणसं असतील," साहेब शांतपणे म्हणाले. त्यांची नजर अभिनंदन या शब्दावरून हलत नव्हती. "पण नोंद खाली आहे ना? कक्षाचं पहिलं यशस्वी स्थलांतर आहे, सकपाळ. ते चुकलं म्हणून कळवायचं, तर कोणी चुकवलं तेही कळवावं लागेल. कळवू?"

किशोरने ते उत्तर फायलीला लावलं. त्याला स्वतःची लाज वाटली, मनापासून वाटली, आणि तरीही त्याने ते लावलं.

स्थलांतर झालं म्हटल्यावर ताबा देणं आलं. वरच्या कोंडाच्या वतीने येसूबाईंना बोलावण्यात आलं. नवं लुगडं नेसून त्या आल्या. भिंतीला फलक होता, खुर्च्या होत्या, मुरारी फोटोसाठी मोबाईल धरून उभा होता. साहेबांनी त्यांना संगणकासमोर बसवलं आणि पडद्यावरच्या एका पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हा बघा तुमचा कोंड."

येसूबाईंनी निरखून पाहिलं. "पिवला का हाय?"

"नवा आहे म्हणून."

"आन् घरं?"

"आत आहेत. एकदम सुरक्षित. दरड येणार नाही, भेग पडणार नाही."

"बरं झालं, देवा," येसूबाई म्हणाल्या. मग त्यांनी भाच्याकडे वळून विचारलं, "पन किशोर, कोंड जर का हितं हाय, तर वर आमी ऱ्हातो ते काय हाय रे?"

किशोरने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मुरारीकडे पाहिलं. मुरारी म्हणाला, "तो शॉर्टकट."

"शॉर्टकट म्हंजी पायवाट ना? ती हाय खरी. दुसरं काय नाय वर." त्या पदर सावरून उठू लागल्या. "मंग आमी कंदी उतरायचं खाली?"

"तुम्ही उतरलात, आजी," साहेब म्हणाले. "इथे अंगठा द्या, की झालं."

ताबापावती पुढे आली. शाईची डबी किशोरने धरली. ती त्याच्याने पुढे करवेना, म्हणून मामीने त्याचं मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि म्हणाली, "घाबरतोस कशाला रे बाला? तू हायस ना हितं." मग तिने अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. मुरारीने फोटो काढला. त्यात पुढे साहेब होते, मागे अंगठा.

संध्याकाळी येसूबाई पायवाटेने वर गेल्या. फोटो कक्षाच्या समाजमाध्यमावरच्या पानावर चढला, खाली मथळा होता, 'वरचा कोंड सुरक्षित ठिकाणी'. रात्रीपर्यंत त्याखाली अंगठ्यांची रीघ लागली. पोलादपूर, महाड, नालासोपारा, पुणे, दुबईपर्यंतचे अंगठे आले. कोणी खाली हात जोडले, कोणी लिहिलं, 'अशा अधिकाऱ्यांची गरज आहे'.

नीट शोधलंत तर त्यात तुमचाही अंगठा सापडेल. येसूबाईंनी कागद न वाचता अंगठा दिला, कारण त्यांना वाचता येत नाही. तुम्हाला येतं.