पाचशे फुटांच्या आतले परब

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले परब देवळात अभिषेकाची पावती फाडतानाही विचारतात, "ज्येष्ठांका माफी आसा?" पंचाहत्तरी त्यांनी एसटीत साजरी केली. त्या वयापासून तिकीट माफ, म्हणून कणकवलीला गेले, स्टँडवर चहा प्यायले आणि परत आले. काम काहीच नव्हतं.

माझ्यावर त्यांचा खास लोभ. चाळीस वर्षांपूर्वी या इमारतीत घर घेताना आमच्या ह्यांना छोटं पसंत होतं. पण मी तेव्हा नटवी बाई. ड्रेसिंग टेबल मावलंच पाहिजे म्हणून दोन दिवस अबोला धरला आणि मोठं घेववलं, पाचशे तेरा फूट. पुढे सरकारने पाचशे फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. परबांचं घर चारशे सत्त्याऐंशी. माझं बिल आलं की स्वारी दारात हजर. "वहिनी, आरशात बघा, तेरा फूट दिसतत?" त्या टेबलावर आता फक्त माझ्या गोळ्या असतात.

परब विधुर, मुलगा कॅनडात. घर सांभाळते ती धाकटी बहीण शकू. नवऱ्याने टाकली तेव्हापासून इथेच. यंदा परबांनी घराचं बक्षीसपत्र करायचं काढलं आणि शकूची झोप उडाली. मुलाला दिलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. बहिणीला दिलं तर टक्केवारीने, म्हणजे लाखांत. दोनशे ऐकल्यावर हा माणूस दुसरीकडे बघेल? मीच आगाऊपणे शकूला सांगितलं, कुठे सोय होते का बघून ठेव.

साक्षीदार म्हणून परबांनी मला निबंधक कार्यालयात नेलं. कागदावर नाव शकूचं. मुदत ठेव मोडून शुल्क आधीच भरलेलं. मी त्यांना बाजूला घेतलं.

"भावजी, मृत्युपत्र केलं असतंत तर शुल्क लागलंच नसतं. तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आसा." ते चष्मा पुसत राहिले. "पण वहिनी, 'घर माझा' म्हणूक तिना माझ्या मरणाची वाट कित्याक बघूची?"

साक्षीदाराचाही फोटो काढतात तिथे. माझा इतका रडका आला की घर माझंच गेलंय असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी परब भाजी घेऊन आले. किल्ली हातात होती, मी जिन्यातून बघत होते. तरी बेल वाजवून उभे राहिले. शकूने दार उघडलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "चपला बाहेर."

परबांनी गुपचूप काढल्या.