पाचरमुक्त तालुका

सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक भीमसिंग राठोड यांनी दोन हजार सहा सालच्या जानेवारीत, वयाच्या साठाव्या वर्षी, संगणकावर पेरणीची तिफण जोडायला घेतली. असे करण्यास त्यांना कोणीही सांगितले नव्हते. पुढे जे घडले त्याचे मूळ कारण हेच.

सेनगावात योगेशचा कॉम्प्युटर क्लास होता. औरंगाबादच्या कोण्या इंजिनिअर मित्राने त्याला एक सीडी दिली होती. तिच्यात यंत्रांचे भाग काढून जोडायचा प्रोग्राम होता, पण क्लासमध्ये तो कोणी उघडत नसे. गुरुजींनी उघडला आणि ते अडकले. रोज दुपारी तांड्यावरून जीपने यायचे आणि लाईट जाईपर्यंत मशीनसमोर बसायचे.

"घरातली बाज महिन्यापून उकलून पडली," त्यांची बायको बेबीबाई म्हणायची, "अन् तुमी तिकडं जाऊन काय जोडून राहिले?"

"बाज लाकडाची आहे," गुरुजी शांतपणे सांगत. "ती कोणीही जोडेल."

तिफण त्यांनी मनाने काढली नव्हती. जळबा सुतार हा त्यांचा एकेकाळचा चौथीचा विद्यार्थी. त्याच्या अंगणात बसून त्यांनी एकेक भाग मोजून आणला होता: आडवं जाड दिंड, जमिनीत रेघ पाडायला त्यात खाली बसवलेले तीन फण, बियाणं सोडायचं चाडं, हाताने धरायचं रुमणं. संगणकात पहिला भाग ठेवला की तो जागचा हलत नाही. बाकीचे मात्र हवेत तरंगतात, उलटे होतात, एकमेकांच्या पोटातून आरपार जातात. 'तुझं हे तोंड त्याच्या त्या तोंडाला लाव' असं बजावून एकेकाला जागेवर बसवावं लागतं. तेहेतीस वर्षं लहान मुलांचे वर्ग सांभाळलेल्या माणसाला हे काम नवीन नव्हतं. रुमणं सतराव्यांदा उलटं बसलं तरी गुरुजी त्याला "चल, पुन्हा करू," एवढंच म्हणत.

मार्चअखेर तिफण उभी राहिली. फण दिंडात घट्ट धरणाऱ्या तीन पाचरी गुरुजींनी शेवटी ठोकल्या आणि मशीनला तपासणी करायला सांगितली. तिन्ही पाचरी लालभडक झाल्या. 'टक्कर : तीन ठिकाणी.'

"गुर्जी, पाचर लाकडात घुसून राहिली," योगेश म्हणाला. "एका जागी दोन वस्तू चालत न्हाईत त्याला."

"घुसलीच पाहिजे. नाही घुसली तर ती पाचर कसली?"

"मंग काढून टाका की."

"आणि फण कशाने टिकतील?"

"स्क्रीनवर कुठं पडून राहिलेत? बघा तर."

गुरुजींनी पाचरी काढल्या. फण तसूभर हलले नाहीत. 'टक्कर : शून्य.' योगेशने त्या चित्राची छापील प्रत क्लासच्या दारावर चिकटवली.

त्या वर्षी तालुक्यात 'निर्दोष अवजार अभियान' सुरू होतं. अवजार प्रमाणीकरण कक्षाचे प्रमुख सोमेश्वर साहेब यांना एकतीस मार्चपूर्वी किमान एक निर्दोष अवजार वर कळवायचं होतं, आणि तीस तारीख उजाडली तरी तालुक्यात निर्दोष असं काहीही आढळलं नव्हतं. मुलीला क्लास लावायला आलेल्या साहेबांनी दारावरचं चित्र पाहिलं. 'टक्कर : शून्य' ही ओळ दोनदा वाचली आणि चित्र दारावरून सोलून नेलं.

एप्रिलमध्ये ती तालुक्याची प्रमाणित तिफण झाली. मे महिन्यात परिपत्रक निघालं: 'सर्व तिफणी प्रमाणित चित्राबरहुकूम असाव्यात. चित्रात न दिसणारा भाग अतिरिक्त समजण्यात येईल. सबब पाचरी सात दिवसांत कक्षात जमा करून पावती घ्यावी.' आठवडाभरात दोन पोती पाचरी जमल्या.

मग तिफणी उकलू लागल्या. तांड्यावरच्या नानीबाईच्या तिफणीचे तिन्ही फण बांधावरच गळून पडले. तिने तक्रार दिली. कक्षाने तक्रारीची दखल घेऊन तात्काळ चित्राची पाहणी केली. चित्रातले फण जागेवर होते. तिफण निर्दोष असल्याचं त्यामुळे पुन्हा एकदा सिद्ध झालं. दोष द्यायला उरला सुतार. तालुक्यातल्या सुतारांना जोडणी येत नाही, त्यांना संगणकावर प्रशिक्षण द्यावं, परीक्षा घ्यावी आणि नापास होईल त्याने यापुढे तिफण बनवू नये, असं ठरलं. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून श्री. भीमसिंग राठोड यांचं नाव आलं.

गुरुजी धावतच कक्षात गेले. "साहेब, ते चित्र चुकलंय. मीच काढलंय."

"चुकलं तेव्हा ते तुमचं होतं, गुरुजी," साहेब प्रेमाने म्हणाले. "आता ते प्रमाणित आहे."

"पाचरीसकट नवीन काढून देतो."

"त्यात टक्कर येते?"

"येते."

"मग सदोष अवजार मी कसं मंजूर करू? तुम्ही तर शिक्षक आहात."

परीक्षेला चार दिवस होते. नऊ सुतार क्लासच्या बाकांवर बसले. जळबाने माउस आधी रंध्यासारखा दोन्ही हातांनी ढकलला. "गुर्जी, ह्याच्यात लाकूड कुठंय?" असं विचारून त्याने सगळ्यांना हसवलं, पण हात त्याचा पक्का होता. तिसऱ्या दिवशी त्याने दिंड, फण, चाडं, रुमणं बरोबर बसवलं आणि सवयीने पाचरी ठोकल्या. स्क्रीन लाल झाली.

"जळबा, पाचर नको."

"काहून नको? फण कोनाच्या भरवशावर सोडू? लोकायचं बियाणं हाय."

"परीक्षेपुरतं रे."

"परीक्षेपुरती खोटी तिफण करू? चवथीत मी दुसऱ्याचं गणित उतरवलं तवा तुमीच मला भिंतीकडं तोंड करून बसवलं व्हतं." जळबाने माउस ठेवून दिला. "नापास करा. पेरनी आठ दिसावर आली, चाळीस घरं माझ्या तिफणीची वाट बघून राहिलेत. मी आपलं बिऱ्हाड घिऊन पुण्याला जातो, साईटवर फळ्या ठोकाय."

गुरुजींनी माउस स्वतःकडे ओढला आणि लाल पाचरी निवडल्या. मग त्यांनी माउसचं उजवं बटण दाबलं. छोटी यादी उघडली. तिच्यात एक आज्ञा होती: 'भाग लपवा.' त्यांनी ती दिली. पाचरी दिसेनाशा झाल्या. तपासणी लावली. मशीन फक्त दिसणारे भाग तपासत होतं. 'टक्कर : शून्य.'

"गेल्या कुठं?" जळबाने विचारलं.

"कुठंच नाही. आहेत तिथंच आहेत. दिसत नाहीत फक्त."

जळबाने डोकं खाजवलं. "मंग खऱ्या तिफणीला बी हेच करता येते. पाचर ठोकायची अन् वरून शेणामातीचा हात फिरवायचा."

 गुरुजींनी तेहेतीस वर्षांत जे शिकवलं नव्हतं ते एका दुपारी शिकवून झालं होतं, आणि विद्यार्थी कधी नव्हे इतका हुशार निघाला होता.

नऊच्या नऊ सुतार उत्तीर्ण झाले. जळबा पहिला आला. पेरणी पार पडली, एकही फण गळाला नाही, आणि प्रशिक्षणाचं यश आकडेवारीनिशी वर कळवण्यात आलं. पावसाळ्यानंतर सेनगावात तालुक्याला 'पाचरमुक्त' घोषित करण्याचा सोहळा झाला. पहिल्या रांगेत गुरुजींच्या शेजारी जळबा बसला होता, छातीला बिल्ला लावून.

साहेब भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी टेबलावर हात टेकताच टेबल डुगडुगलं. पाण्याचा पेला कलंडला. साहेबांनी मूळ परिपत्रकाची चार पदरी घडी घातली, खाली वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सारली, टेबल हलवून खात्री केली आणि वर उठून विचारलं, "आता मला सांगा, या तालुक्यात एक तरी पाचर उरली आहे का?"

"न्हाई!" तीनशे माणसं एका सुरात म्हणाली. जळबा सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. गुरुजीही म्हणाले.

इथे आपल्याला हसू आलं असेल तर हसून घ्यावं. फक्त हसताना आपल्या घरच्या टेबलावर थाप मारू नये. त्याच्या कोणत्या पायाखाली कसली घडी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि पाहुणे आले की आपण त्यांना कोणत्या बाजूला बसवतो, हेही.