पोलादरावांचं सुतक

तुळसाचं लग्न दहा दिवसांवर आलं असताना तिचे वडील जागेश्वर शुक्रवारच्या साप्ताहिकात वारले. त्या वेळी ते आसगावात आपल्या ओसरीवर चहा पीत बसले होते.

त्याचं असं झालं. पवनीच्या हिरालालच्या साप्ताहिकात एकोणीसशे बहात्तरपासून महाबली पोलादरावांची चित्रकथा येत होती. चित्रं ईश्वर पेंटर काढायचा, आणि त्याला माणसाचा एकच चेहरा जमायचा, त्याचा मित्र जागेश्वर याचा. मिशी, कानावरचे केस, नाकावरचा मस, सगळं जसंच्या तसं. मानेखाली तेवढा पहिलवान. त्यामुळे लेखक पोलादरावांना जे करायला लावी, ते साऱ्या पंचक्रोशीत जागेश्वरांना निस्तरावं लागे.

लेखक तीन. भय्याजी हे निवृत्त मास्तर. त्यांनी पोलादरावांना कोंबडी सोडायला लावली आणि त्यांची सगळी शक्ती गावच्या बोडीत ठेवली. तेव्हापासून पाहुणचाराला जागेश्वरांच्या ताटात नुसतं वरण पडू लागलं. पुंडलिकराव दंडारीची गाण्याबजावण्याची नाटकं लिहीत. त्यांचे पोलादराव दरोडेखोराला लोळवण्याआधी दोन कडवी गाऊन दाखवत. जागेश्वरांचा आवाज काही विचारू नका, तरी बाजाराच्या दिवशी लोक त्यांना गायला लावत. तिसरे केशवराव जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कारकून, मूळचे साताऱ्याचे. यांनी पोलादरावांच्या छातीवर बाँब फोडले, आणि भेटेल तो माणूस राम राम घालण्याआधी जागेश्वरांच्या छातीवर एक गुद्दा ठेवून देऊ लागला.

तिघे पाळीपाळीनं लिहीत. आठ वर्षं कसंबसं निभावलं. यंदा भय्याजींनी आपला भाग मोठ्या उत्कंठेवर सोडला. दुष्ट काळभुजंगाला शक्तीचं गुपित कळतं आणि तो गरजतो, "पोलादरावांची बोडी सापडली!" आता बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं, हे आमच्याकडे तान्ह्या लेकरालाही ठाऊक. साताऱ्याच्या केशवरावांना ते कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटलं, मास्तरांची मात्रा चुकली. त्यांनी मात्रेचा चंद्र केला, बोडीची बॉडी झाली, आणि मग पुढच्या भागात अंत्ययात्रा काढण्यावाचून त्यांना गत्यंतर उरलं नाही. ईश्वरनं तर जीव ओतला. तिरडीवरच्या नाकावर मस अगदी ठळक उठून दिसत होता.

दुपारी व्याही मंगरूजी पवनीहून आले आणि टोपी काढून अंगणातच उभे राहिले. पाणी घ्यायलाही ते तयार नव्हते.

"सुतक हाये तुमच्या घरी," ते म्हणाले. "आता वर्षभर लग्न नाई होत."

"अजी, मी तुमच्यासमोर बसून राहिलो ना."

"ते दिसून राहिलं मले. पण छापून आलं हाये. माणूस जिता असला तरी छापील सुतक लागतेच."

आत तुळसानं रडायला सुरुवात केली. शेजारणी तुळसाच्या आईचं, कौशल्याबाईंचं, सांत्वन करायला आल्या, तेव्हा बाईंनी केरसुणी उचलून सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. बिचारीला धक्का बसला आहे, असं म्हणत त्या गेल्या. जागेश्वरांनी सायकल काढली आणि तडक हिरालालचा छापखाना गाठला. आपल्याला काहीही करून पुढच्या शुक्रवारी जिवंत करा, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

हिरालालनं तिन्ही लेखक बोलावले. भय्याजी म्हणाले की पोलादराव मुळात मेलेच नाहीत, तर जिवंत कोणाला करायचं? मात्रा चुकली म्हणणाऱ्याबरोबर आपण एका कागदावर लिहिणार नाही. केशवराव म्हणाले की एकवीस तोफांची सलामी देऊन जाळलेला माणूस परत आणणं वाचकांना आवडणार नाही. फार तर पुनर्जन्म देता येईल, पण मग वीस वर्षं तरी लागतील.

तेव्हा पुंडलिकराव पुढे झाले. "यात कायचं अवघड हाये? आमच्या दंडारीत पहिल्या अंकात मेलेला नट दुसऱ्या अंकात त्याचा भाऊ होऊन येते. माणूस तोच, मिशी तेच."

पुढच्या शुक्रवारी पहिल्या चौकटीत पोलादरावांची तेरवी आटोपली. दुसऱ्या चौकटीत त्यांचा जुळा भाऊ लोखंडराव आला, नाकावर मस घेऊन. त्यानं सांगितलं की पोरीचं लग्न थांबवू नका, ही भावाची शेवटची इच्छा होती. अंक हाती पडताच मंगरूजी हसतमुखानं आले, "राम राम, लोखंडरावजी," म्हणाले आणि बेधडक ओसरीवर चढून पाणी प्याले.

लग्न ठरल्या तारखेला झालं. पाहुणे जागेश्वरांना नमस्कार करत, दिवंगत भावाबद्दल दोन शब्द बोलत आणि जेवायला बसत. जागेश्वरांनीही सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. आपल्याबद्दल इतकं चांगलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. पण तुळसा निघाली, गळ्यात पडली, आणि त्यांचा धीर सुटला. ते लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

मंगरूजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आवरा आता. तुमी काका असून येवढे रडून राहिले. जागेश्वरजी असते तं त्यायचं काय झालं असतं?"

जागेश्वरांना ते अगदी पटलं. त्यांनी डोळे पुसले, वर पाहिलं, आणि जागेश्वरांसाठी म्हणून आणखी थोडं रडून घेतलं.