लहान गाडीने तांबडा घाट जिंकून लेक माहेरी आणिली त्याची हकीकत

श्री. ज्यांचे वाहन उंदीर, आणि तरी तिन्ही लोकांत ज्यांस कोणी वाहन लहान म्हणोन हसले नाही, त्या गजाननास प्रथम दंडवत घालोन, शके १९४०, विलंबी नाम संवत्सरे, माघ मासी जे वर्तमान घडले ते सेवकाने काही डोळां पाहिले, काही हाडांनी सोसले, ते यथामती लिहितो. राज्याचे नांव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्य थोरले नव्हे. एक पिठाची गिरणी, तिजमागे राहते घर, दारी निंबोणी आणि निंबोणीखाली एक लहान पांढरी गाडी, इतकाच मुलूख. सिंहासन म्हणजे गिरणीतील प्लास्टिकची खुर्ची, एक पाय सुतळीने आवळलेला. तीवर श्रीमंत तात्यासाहेब विराजमान होऊन कोणाच्या हरभऱ्यामागे कोणाचे गहू दळावे याचा न्याय करीत, आणि न्याय ऐसा की भांडणाऱ्या बाया हसत घरी जात. सेवक तेथेच डबे तोलण्याचे कामावर. अंगाने भरलेला, हे पुढे कामी येणार म्हणोन आत्तांच लिहून ठेविले.

तात्यासाहेबांस एकच कन्या, बकुळाबाई. ती माळावरचे राज्यांत मानाजीराव यांचे पुत्रास दिली. मानाजीराव मोठे मिशाळ, बोलणे रोखठोक, पदरी चारही चाकांनी ओढणारी जीप. त्यांचे राज्यास जाण्यास तांबडा घाट चढावा लागे आणि घाट कैसा, तर आधी दगड, दगडांत माती, मातीत ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्या, आणि चाकोऱ्यांचे मधोमध उंच वरंबा, तो लहान गाडीचे पोटास बरोबर लागे. लग्नाचे वेळी तात्यासाहेबांची गाडी त्या वरंब्यावर बसली आणि चेंबर फुटोन ऑइल मातीत सांडले, आणि मानाजीरावांनी जीप पाठवून दोरखंडाने गाडी वर ओढून नेली. नवरीचा बाप दोरीस बांधलेल्या गाडीत बसोन लग्नास पोहोचला. मानाजीराव मांडवांत सर्वांदेखत बोलिले, "तात्या, तुमचं हे लिंबू देवळापुढं टांगायला बरं. घाटाला चालायचं नाही." लोक हसले. तात्यासाहेबही हसले, परंतु त्या दिवशी त्यांनी जिलबीस हात लाविला नाही, हे सेवकाने पाहिले. उरलेली सेवकानेच संपविली.

पुढे बकुळाबाईंस दिवस राहिले आणि सातवा सरत आला. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही सर्वत्र रीत, आणि आठवा लागला की गरोदर बाईने वेस ओलांडू नये हीही रीत. परंतु माळावरचे घराण्याची आणिक एक रीत होती. माहेरचे स्वतःचे वाहन सासरचे उंबऱ्याशी येऊन लागल्यावांचून लेकीने पाऊल उचलू नये. पूर्वी बैलगाडी लागे, आतां मोटार. भाड्याचे चालत नसे, सासरचे तर मुळीच नसे. मानाजीराव फोनावर बोलिले, "आमच्या आजोबांनी घालून दिलेलं आहे, मी मोडणार नाही. पौर्णिमेला आठवा लागतो. त्याच्या आधी तुमची गाडी उंबऱ्याला लागली तर सून तुमची. नाही लागली तर बाळंतपण इथंच करू, आम्ही काही कमी पडणार नाही." तात्यासाहेबांनी फोन ठेविला आणि गिरणी चालू असतां दळण टाकण्याचे विसरले. राणीसाहेब सगुणाबाई हातचे काम टाकोन आल्या आणि बोलिल्या, "मला कळा आल्या तेव्हा नदीला पूर होता आणि माझी आई पलीकडच्या काठावर होती. मी तिला हाका मारत होते. माझ्या पोरीच्या उशाशी मी असणार. गाडी चढवा, नाहीतर मला सांगा, मी पाठीवर आणते तिला."

मग हमीद मिस्त्री यांस पाचारण जाहले. मिस्त्री तात्यासाहेबांचे शाळेपासूनचे सोबती, त्यांचे गॅरेज गिरणीस लागोनच, आणि उभयतांचे दिवसातून एकदा भांडण जाहल्यावांचून चहा होत नसे. मिस्त्री गाडीखाली आडवे जाहले आणि तेथोनच बोलिले, "तात्या, तुझी गाडी पुढच्या चाकांनी ओढते, मागची दोन नुसती मागं मागं येतात. तिला जीप करायला जाऊ नको. तिचं पोट उचलू, पोटाला चिलखत घालू, पायांत चांगले जोडे घालू. बाकी तुझं नशीब." मग स्प्रिंगांवर गुटके चढवोन गाडी चार बोटे उंच केली. मग खोल नक्षीचे टायर आणिले, ते चाकावरील पत्र्यास घासू लागले, म्हणोन पत्र्याची कड आंत ठोकिली, आणि ठोकतांना पांढरा रंग उडाला त्यावरून त्या दिवशीचे भांडण जाहले. मग राणीसाहेबांनी जुन्या पाण्याचे टाकीचा जाड पत्रा काढोन दिला, तो वाकवोन चेंबरखाली बसविला. मागचे शॉकअप नवे घातले, कीं गरोदर लेक बसणार, हिसका लागू नये. ऐसी सिद्धता होऊन गाडी निंबोणीखाली उभी राहिली तेव्हां परकर वर खोचून नदी ओलांडू पाहणारे बाईसारखी दिसत होती. तात्यासाहेब तिजभोवती फिरले आणि फिरतांना मिशीवर हात फिरविते जाहले, मिशी नसतांही.

शुद्ध दशमीस प्रातःकाळी स्वारी निघाली. खासा तात्यासाहेब चक्रावर, डावे हातास मिस्त्री, मागे राणीसाहेब आणि सेवक. आणि येथे चूक जाहली ती लिहितो. विहिणीचे घरी रिकामे हाताने कोण जातो? राणीसाहेबांनी डिकी भरिली. डिंकाचे लाडू, अनारसे, पुरणपोळ्यांची चळत, आंबेमोहोर तांदळाचे पोते, घरचे गव्हाचे पीठ, दोन कोहळे, आणि जांवयासाठी लोणच्याची बरणी. न मावले ते सेवकाचे मांडीवर. मिस्त्री हे सर्व पाहत होते आणि त्यांनी एक अनारसा मागोन घेतला, दुसरे काही बोलिले नाहीत. गाडीचे ढुंगण टेकले आणि नाक वर जाहले. तात्यासाहेब बोलिले, "बघा, कशी ऐटीत मान वर करून निघाली आहे!"

घाटाचा पहिला चढ म्हसोबाचे वळणापर्यंत सुखरूप सरला. वरंबा आला तो पोटाखालून गेला, एक दगड चिलखतास लागोन थाळी वाजावी तैसा वाजला, आणि सर्वांनी जयजयकार केला. मग वळणापुढील उभी चढण आली, सारी भुसभुशीत तांबडी माती, आणि तेथे पुढची चाके जागचे जागी फिरू लागली. धूळ ऐसी उसळली की म्हसोबा दिसेना. गाडी पुढे जाण्याचे सोडोन हळूच खाली घसरली. मिस्त्री खाली उतरोन टायरांतील हवा कमी करिते जाहले, कीं टायर पसरोन माती धरील. थोडी चढली, परत घसरली. मग मिस्त्रींची दृष्टी सेवकाकडे वळली. "हा पुढं बसला तर ओढणाऱ्या चाकांवर वजन येईल," ऐसे बोलोन सेवकास बॉनेटवर बसविले. सेवक जन्मांत प्रथमच फौजेचे अग्रभागी स्थान पावला. बॉनेट तापलेले होते. गाडी दहा हात चढली, आणि मग सेवक एकीकडे व गाडी दुसरीकडे ऐसी स्थिति जाहली. कोपर सोलवटले, त्याची विचारपूस कोणी केली नाही.

मिस्त्री बोलिले, "वहिनी, डिकी मोकळी करा. सगळं वजन मागं आहे, चढावर ते आणखी मागं जातं आणि ओढणारी चाकं हलकी पडतात. लाडू इथंच म्हसोबापाशी ठेवू." राणीसाहेब बोलिल्या, "लाडू उतरले तर मीही उतरते. मग विहिणीच्या दारात तुम्ही तिघं पुरुष जा, रिकाम्या हातांनी आणि तोंडाला माती लावून." तात्यासाहेब दगडावर बसोन राहिले आणि बोलिले, "हरलो. दोरी मागवा. पोरगी तिथंच राहील." तात्यासाहेबांचा आवाज गिरणीचे खडखडाटावरोनही ऐकू येई, तो तेथे राणीसाहेबांस जवळ जाऊन ऐकावा लागला. सेवकास फार वाईट वाटले. कोपरही दुखत होते.

तेव्हां मिस्त्री गाडीभोवती फिरोन कपाळावर हात मारिते जाहले. "अरे, ओझं मागं आहे तर मागची बाजूच वर करू! गाडी फिरवायची आणि रिव्हर्समध्ये चढवायची. ओढणारी चाकं खाली येतील, सगळा भार त्यांच्यावर पडेल. लाडवांसकट चढेल." तात्यासाहेब ताडकन उभे राहिले. "पाठमोरा जाऊ? मानाजीरावाच्या दारात? आधी दोरीनं बांधून गेलो, आता पाठ दाखवत जाऊ? गावभर सांगतील, तात्या आला तोच पळ काढायच्या तयारीनं!" मग राणीसाहेब पदराने धूळ पुसोन बोलिल्या, "अहो, पाठ दाखवू नये ती शत्रूला. ते व्याही आहेत. आपली पोर त्यांच्या घरात सुखानं नांदते आहे. तुम्ही लग्नापासून त्यांच्याशी एकटेच लढाई लढताय, त्यांना तर ठाऊकही नाही." तात्यासाहेब वळणाचे कडेस गेले. खाली आपली गिरणी दिसते का ते पाहिले, वर व्याह्यांची कौले दिसतात का ते पाहिले, आणि मग बोलिले, "हमीद, फिरव गाडी." मिस्त्री बोलिले, "मी नाही. तुझी लेक, तूच चालव."

मग वळणावर गाडी फिरविली. तात्यासाहेबांची मान लग्नापासोन आखडलेली, मागे वळेना. तेव्हां मागचे काचेतोन वाट सांगण्याचे काम राणीसाहेबांकडे आले. जन्मभर मागे बसलेली राणी फौजेची म्होरकी जाहली. "डावीकडे घ्या. तुमची डावी नव्हे, माझी! दगड आहे, दगड आहे, अहो कोहळे फुटतील! आता सरळ. आता थांबू नका, काही झालं तरी थांबू नका!" आणि गाडी घुरघुरत, माती धरोन, पाऊल पाऊल मागे चढू लागली, आणि मागे म्हणजेच वर. सेवक लाडवांचा डबा पोटाशी धरोन डोळे मिटोन रामनाम घेत होता. चढण सरली, सपाटी आली, आणि मिस्त्रींनी तात्यासाहेबांचे पाठीवर ऐसी थाप मारिली की हॉर्न वाजला. तोच हॉर्न माळावर ऐकू गेला.

मानाजीराव उंबऱ्यावर उभे होते, शेजारी विहीणबाई भाकरतुकडा घेऊन, आणि दारांत बकुळाबाई कमरेवर हात ठेवोन. अंगणात प्रथम गाडीची पाठ आली. उंबऱ्यास लागली ती डिकी. मानाजीरावांच्या भिवया वर चढल्या. "हे काय तात्या? पाठमोरे?" तात्यासाहेब उतरले, तोंड तांबडे, धुळीने की लाजेने ते सांगता येत नव्हते. तेव्हां बकुळाबाई बोलिल्या, "मामंजी, गाडीचं तोंड माझ्या माहेराकडे आहे. बाबा इकडे येत होते तेव्हासुद्धा गाडी मला घेऊन घरीच निघाली होती." तात्यासाहेबांचे डोळे भरले, आणि त्यांनी ते लपविले नाहीत. राणीसाहेबांनी डिकी उघडिली. लाडवांचा वास थेट माजघरांत गेला. विहीणबाई हसोन बोलिल्या, "पाहुण्यांच्या आधी शिदोरी घरात आली. असं येणं मी तरी पाहिलं नव्हतं." मानाजीराव गाडीभोवती फिरले, वाकोन पोटाखालचे चिलखत पाहिले, टायर पाहिले, आणि बोलिले, "वाहन उंबऱ्याला लागावं, एवढंच आजोबांनी सांगितलंय. तोंडानं लागावं असं नाही सांगितलं. या, पाय धुवा. आज मात्र जिलबी खायची तात्या, लग्नात तुम्ही टाकलेली मला दिसली होती." त्या दिवशी त्यांनी इतकी जिलबी खाल्ली की सेवकाचे वाट्यास थोडकी आली.

मग चार प्रहर पाहुणचार घेऊन दुसरे दिवशी लेकीस पुढे बसविले आणि गाडी पहिले गिअरांत घाट उतरली. हिसका लागला नाही. बकुळाबाई वाटेत झोपी गेल्या, आणि जोंवर त्या झोपल्या होत्या तोंवर मिस्त्री व तात्यासाहेब हळू आवाजांत भांडले. पुढे चैत्रांत कन्यारत्न जाहले. कळा आल्या तेव्हां राणीसाहेब उशाशी होत्या, आणि हाका मारण्याचे कोणास कारण पडले नाही.

बारशाचे दिवशी गिरणीचे आळीत मोठा गलका जाहला. मानाजीरावांची जीप आली, ती आळीचे तोंडाशी थांबली, वळली, आणि सपाट डांबरी रस्त्यावरोन पाठमोरी, हळूहळू, साऱ्या शेजाऱ्यांदेखत तात्यासाहेबांचे उंबऱ्यास येऊन लागली. मागचे दार उघडले, आंत पाळणा आणि बाळंतविडा. तात्यासाहेब धावले. "व्याही, इथं कुठला घाट? आणि तुमची तर चारही चाकं ओढतात!" मानाजीराव उतरोन मान चोळीत बोलिले, "सूनबाईनं शिकवलंय. दोघींना परत न्यायचंय, म्हणून तोंड घराकडं करून ठेवलं." तात्यासाहेबांनी त्यांस कडकडोन मिठी मारिली. राणीसाहेब ओवाळणीचे तबक घेऊन पुढे जाहल्या, जीपला ओवाळिले, आणि हात पसरोन बोलिल्या, "तोंड असू द्या घराकडं. सवा महिना होईपर्यंत किल्ली मात्र इकडं द्या." मानाजीरावांनी मुकाट्याने किल्ली दिली. ती राणीसाहेबांनी मिठाचे बरणीत टाकिली.

येणेंप्रमाणे घाट जिंकिला, लेक आली, नात जाहली, व्याही बसने परत गेले. गाडी अद्याप निंबोणीखाली चार बोटे उंचच उभी आहे, उतरविण्याची आज्ञा नाही. सेवकाचे कोपर बरे जाहले. इति.