भिंतीवरचा दयाराम

कृषी केंद्राची भिंत रंगवायचं काम शकूर पेंटरला देताना केंद्राचे मालक नारायणरावांनी एकच अट घातली. "हीरो पाह्यजे. असा, की रस्त्यावरची मोटार थांबली पाह्यजे."

मोताळ्याच्या अलीकडच्या त्या फाट्यावर मोटार थांबावी असं दुसरं काही नव्हतंच. त्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली होती. बीटी बियाण्याला अळी लागत नाही, असं पाकिटावर छापलेलं होतं. पण अळीला वाचता येत नसावं. लोक दोन-तीन औषधं एकात एक कालवून फवारत होते. अळी तशीच राहत होती आणि फवारणारा कोसळत होता. गेल्याच आठवड्यात गावातल्या दयारामला असंच फवारता फवारता बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. अशा हंगामात नारायणरावांना पुढच्या सालचं नवं बियाणं खपवायचं होतं.

शकूरचा हात आताशा कापायचा. अक्षरं तो काढी, चित्रं त्याची मुलगी महनूर. ती मोताळ्याच्या कॉलेजात जायची आणि उरलेला वेळ मोबाइलवर जपानी कार्टूनं, म्हणजे अ‍ॅनिमे पाहायची.

"छाती मोठी काढ," शकूर खालून म्हणाला. "दंड पाह्यजेत. मिशी पाह्यजे."

"छातीनं काई होत नाई अब्बा. अ‍ॅनिमेतला भारी हीरो अंगानं काडी असते."

"मंग भारी कायनं होते?"

महनूरनं ब्रश थांबवला. "तो हरलेला असते. त्याचं काहीतरी गेलेलं असते. तरी एक गोष्ट तो सोडत नाई. कोणी पाहून नाई राह्यलं, तरी सोडत नाई. ते डोळ्यात दिसलं पाह्यजे, म्हणून ते लोक डोळे एवढे मोठे काढतात."

"हरलेले तर आपल्या गावात घरोघरी हायेत," शकूर म्हणाला. "त्याईले पाहाले कोणती मोटार थांबते?"

महनूरनं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. ती काढत गेली आणि चेहरा आपोआप उतरत गेला. दयारामला शेतातून उचलून आणलं तेव्हा ती फाट्यावरच उभी होती. त्याच्या तोंडाला फेस आला होता, मान टिकत नव्हती, आणि तशातही तो म्हणत होता, "पंप हळू ठेवजा रे. दुसऱ्याचा हाय." ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. पण आपण कोणाचा चेहरा काढतोय, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी नारायणराव आले. चेहऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलंच नाही. "कपाशीची बोंडं कमी वाटतात. मुंडक्याच्या चारी अंगानं काढ, पांढरी फक." मग त्यांनी शकूरकडून खाली मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं : 'शेतकऱ्यांच्या मनात कायम.' बियाण्याचं नाव कंपनीकडून पक्कं व्हायचं होतं, म्हणून ती जागा कोरी राहिली.

सकाळी निंदायला निघालेल्या आशाबाईंनी भिंत पाहिली. दयारामचा चेहरा, भोवती पांढऱ्या फुलांचा हार, खाली 'मनात कायम'. गावात एवढा मोठा फोटो वाढदिवसाला तरी लागायचा, नाही तर मेल्यावर. आणि दयारामचा वाढदिवस कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"अवं माय, गेला वं!" आशाबाई तिथंच खाली बसल्या.

दयारामची बायको चांगुणा त्याच्यासोबत दवाखान्यात होती. तिला फोन लावला, तर तो बंद. चार्जर घरीच राहिलाय, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. बंद फोन म्हणजे खबर खरी, असं सगळ्यांनी धरलं. कोणीतरी तिच्या भावाला, प्रसेनजितला, देऊळगाव राजाला कळवलं. तो गाडीभर माणसं आणि एक पुष्पचक्र घेऊन निघाला. तोवर भिंतीखाली मेणबत्त्या लागल्या.

शकूर आणि महनूर बियाण्याचं नाव लिहायला आले, तर रस्ता माणसांनी भरलेला.

"कोन गेलं?" शकूरनं विचारलं.

"काढलं तूनं, अन् आमालेच विचारतं?" आशाबाई ओरडल्या.

महनूरनं वर पाहिलं आणि चेहरा कोणाचा आहे, ते तिला आता दिसलं. "हा हीरो हाये काकू," ती कसंबसं म्हणाली.

"हीरोच होता वं बापा," म्हणून आशाबाई आणखी रडू लागल्या.

एवढ्यात नारायणराव मोटारसायकलवरून उतरले. भिंतीकडे पाहताच त्यांचा रंग उडाला. दयारामला ते औषध त्यांनीच कालवून दिलं होतं. भिंत जाहिरातीची आहे, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं; पण तेवढ्यात प्रसेनजितची गाडी आली, आणि प्रसेनजित अंगानं काडी नव्हता.

"हे चित्र कोणी काढून घेतलं?" त्यानं विचारलं.

"म्या," नारायणराव म्हणाले. "श्रद्धांजली म्हणून. आपला मानूस होता."

बौद्ध रीतीप्रमाणे त्रिशरण झालं. सगळे उभे राहिले. मग चित्र ज्यानं काढून घेतलं त्यानं दोन शब्द बोलावेत, असं ठरलं. नारायणराव दयारामच्या साधेपणावर बोलले, कष्टांवर बोलले. ते खाली बसणार, तोच प्रसेनजितनं विचारलं, "फवारताना तोंडाला लावायचं किट असतं ना? माझ्या भाऊजीला दिलं होतं का?"

नारायणराव अर्धवट वाकलेले, ते तसेच पुन्हा सरळ झाले.

"कंपनीनं पाठवलं व्हतं," नारायणराव हळूच म्हणाले. "मास्क, चष्मे, हातमोजे. फुकट वाटाले. गोदामात हायेत."

"गोदामात काऊन?"

"लोकाईले वाटलं असतं, दवाई जहरी हाये." आणि मग त्यांना खरंच रडू फुटलं. भीतीनं की दुःखानं, ते त्यांनाही कळलं नसावं. "चुकलं माहं. आजच सगळे किट वाटतो. दयारामची शपथ!"

गोदाम उघडलं. खोकी बाहेर आली. पहिलं किट आशाबाईंच्या हातात पडतंय, तोच बुलढाण्याची एसटी थांबली आणि चांगुणाचा खांदा धरून दयाराम खाली उतरला.

 प्रसेनजितनं हातातलं पुष्पचक्र गाडीच्या सीटमागे सारलं.

"कोन गेलं?" चांगुणानं घाबरून विचारलं.

 आशाबाईंनी धावत जाऊन दयारामचे गाल, कान, हात चाचपून पाहिले. "जिता हाये वं! गरम हाये!"

सर्वांत आधी नारायणराव सावरले. "पाहा! पाह्यलं ना? दवाई येवढी नाकातोंडात गेली, अन् मानूस पायानं चालत आला! दवाईत काईच खोट नाई!" त्यांनी आशाबाईंच्या हातातलं किट काढून घेतलं. "ठेवा हे खोक्यात. मेला नाई तो."

"मंग कोनी मरेपर्यंत थांबू का?" आशाबाईंनी विचारलं. त्यांनी किटची दुसरी बाजू सोडली नव्हती.

महनूर दयारामपुढे जाऊन उभी राहिली. "काका, माह्या हातून चुकून तुमचं चित्र निघालं."

दयारामनं भिंतीकडे तोंड केलं. "तिकडं पांढरं पांढरं काई दिसून राह्यलं. तेच का?"

तेव्हा लोकांना कळलं. माणूस पायानं चालत आला होता, पण एसटीच्या पायरीपासून चांगुणाचा खांदा त्यानं सोडला नव्हता.

"डाक्टर म्हनते, नजर येईल हळूहळू," चांगुणा म्हणाली. "नाई तर नाई येनार, असंबी म्हनते."

नारायणरावांचा हात किटवरून आपोआप सुटला. चांगुणानं दयारामला आशाबाईंजवळ उभं केलं आणि ती खोक्यांपाशी गेली. एक किट फोडून तिनं चष्मा लावून पाहिला, मोजे ओढून पाहिले.

"हे काऊन घेतं?" नारायणरावांनी विचारलं. "आता तो कुठं फवारते?"

"तो नाई फवारत. अर्धी कपाशी राह्यली. मी फवारीन."

प्रसेनजित पुढे झाला. "ताई, वेडी झालीस का? मी माणूस लावतो."

"तो मानूसबी कोनाच्या घरचा असन ना?" चांगुणा म्हणाली आणि तिनं मास्क बांधला.

महनूर तिच्याकडे बघतच राहिली. हातातला ब्रश शकूरच्या सदऱ्यावर गळत होता, आणि शकूरही तिकडंच पाहत होता.

चांगुणा मास्कमधून काहीतरी म्हणाली. कोणाला कळलं नाही. ती पुन्हा म्हणाली. गर्दी तशीच उभी. शेवटी तिनं मास्क हनुवटीखाली ओढला.

"म्हनलं, वाट सोडा. घरी ढोरं उपाशी असतील."